नानांची दहा वर्षं खरंच कमी झाली का?

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाच्या मुलाने वडिलांची फाईल पाठवली आहे. वडील, म्हणजे नाना, वय ४७. सहा वर्षांपासून शुगर, चार वर्षांपासून बीपी. चपलेचा नंबर आठवरून दहावर गेला, अंगठी बोटात अडकून बसली, आवाज घोगरा झाला. गेल्या वर्षी ॲक्रोमेगलीचं, म्हणजे अंगात ग्रोथ हार्मोन जास्त होण्याच्या आजाराचं, निदान झालं. एमआरआयमध्ये पिट्युटरीत २२ मिलिमीटरची गाठ दिसली. मार्चमध्ये मुंबईला नाकावाटे ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी केलेला आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा जोर सांगणारी रक्ततपासणी) त्यांच्या वयासाठीच्या वरच्या मर्यादेपेक्षा दीडपटीहून जास्त आला आणि मोठ्या रक्तवाहिनीलगत गाठीचा तुकडा उरल्याचं कळलं. दर महिन्याचं इंजेक्शन लिहून दिलं. दोन घेतली, तिसरं राहिलं. सकाळ-दुपार हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या सुरू आहेत. घरात कुणीतरी मोबाईलवर वाचलं की या आजारात माणूस दहा वर्षं आधी जातो. मुलगा विचारतो, ‘नानांच्या हातात किती वर्षं आहेत ते स्पष्ट सांगा, म्हणजे बहिणीचं लग्न याच तुळशीनंतर उरकून टाकतो.’

भाऊ, ‘किती वर्षं’ याचं उत्तर कुणाही डॉक्टरला देता येत नाही. जो देईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. पण दहा वर्षांचा आकडा कुठून आला आणि तो नानांच्या वाट्याला येतो की टळतो हे कशावर ठरतं, ते सांगता येतं. फाईल दोनदा वाचली. माझ्या मते नानांचं अजून काहीच ठरलेलं नाही, आणि ते ज्या गोष्टींवर ठरेल त्यात ते राहिलेलं तिसरं इंजेक्शन फार वर आहे.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी मटाराच्या दाण्याएवढी ग्रंथी. तिच्यात ग्रोथ हार्मोन तयार करणारी गाठ होते. ही गाठ जवळजवळ कधीच कर्करोगाची नसते, हे घरातल्या बायकांना आधी सांगा, कारण ‘मेंदूत गाठ’ एवढंच ऐकून त्यांनी अर्धं रडून घेतलं असेल. हे हार्मोन यकृताला हुकूम देतं आणि यकृत आयजीएफ-१ बनवतं. मोठ्या माणसाच्या हाडांची टोकं जुळून गेलेली असतात, त्यामुळे उंची वाढत नाही; हात, पाय, जबडा, जीभ वाढत जातात. आणि बाहेरून दिसत नाही असं एक वाढतं, ते म्हणजे हृदय. पॅरिसच्या पिएर मारी यांनी १८८६ साली या आजाराला नाव दिलं, तेव्हा त्यांनाही आधी दिसले ते हातपायच.

हा आजार इतका हळू चढतो की रोज पाहणाऱ्या घरच्यांना कळत नाही. माझ्याकडे अमळनेरकडच्या एक बाई होत्या. त्यांचा आजार पहिल्यांदा ओळखला कासाराने. दरवर्षी दोन-चारच्या बांगड्या भरणारा तो माणूस त्या वर्षी दोन-आठपर्यंत चढला आणि म्हणाला, ‘माय, तुना हात वाढी गया.’ त्याआधी सोनाराने जोडवी कापून काढली होती, ते सगळ्यांनी अंगावर बाळसं आलं म्हणून सोडून दिलं. मी अशा पेशंटला लग्नाचा अल्बम घेऊन यायला सांगतो. त्या बाईंच्या लेकीने अल्बम माझ्या टेबलावर उघडला, आईकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि खाली बसली. पंधरा वर्षांचा फरक एका पानात होता.

सुरुवात आणि निदान यांत सरासरी पाच ते दहा वर्षं जातात, असं जगभरातल्या नोंदी सांगतात. दर दहा लाख लोकांत साधारण ४० ते ७० जणांना हा आजार असतो, असा युरोपातला अंदाज आहे. जळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या ४२ लाखांच्या वर. तेच माप इथे लावलं तर एकट्या आपल्या जिल्ह्यात दीडशे ते तीनशे माणसं असायला हवीत. वीसेक वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये माझ्या वहीत या आजाराची जी नावं आहेत ती दोन पानांत मावतात. उरलेली शुगर, बीपी, गुडघेदुखी आणि ‘चष्म्याचा नंबर बदलला’ या नावांखाली कुठे कुठे गोळ्या खात असणार. नानांची सहा वर्षांची शुगर बहुधा त्यातलीच. म्हणून त्यांचं नशीब वाईट असं मी म्हणणार नाही. या मंडळींपेक्षा ते पुढे आहेत.

आता तुमच्या आकड्याकडे. दहा वर्षांचा हिशेब जुना आहे. ज्या काळात गाठ पुरती निघत नसे, औषधं नव्हती आणि आयजीएफ-१ मोजत नव्हते, त्या काळातल्या पेशंटांचा तो आहे. २००८ साली १६ अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा १.७२ होता. म्हणजे त्याच वयाच्या, त्याच देशातल्या सर्वसाधारण लोकांत ठराविक काळात १०० मृत्यू व्हायचे असतील, तर या पेशंटांच्या तेवढ्याच गटात १७२ झाले. याचा अर्थ शंभरातले बहात्तर गेले असा नव्हे. हा घोटाळा मी शिकलेल्या लोकांनाही करताना पाहिलंय. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला पुढच्या वर्षभरात असणारा धोका मुळातच लहान असतो, त्याच्या पावणेदोन पट म्हणजे तरीही लहानच. फरक कळतो तो वीस-तीस वर्षं साचल्यावर.

त्याच अभ्यासात ज्या ठिकाणी बहुतेकांचं ऑपरेशन नाकावाटे झालं होतं, तिथे आकडा १.३२ होता. दहा वर्षांनी, २०१८ साली पुन्हा हिशेब झाला. २००८ नंतर छापल्या गेलेल्या अभ्यासांत १.३५ आला आणि तो सर्वसाधारण लोकांपेक्षा नक्की जास्त आहे असंही ठामपणे म्हणता येईना. ऑपरेशननंतर गरज पडली तिथे ऑक्ट्रिओटाइडच्या जातीची (नानांना लिहून दिलीत तसली, हार्मोन दाबणारी) इंजेक्शनं वापरली गेली, त्या गटात तर जादा मृत्यू दिसलेच नाहीत. ज्यांच्याकडे फक्त ऑपरेशन आणि रेडिएशन होतं, त्यांच्यात दुपटीच्या वर गेले.

माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात कामाचा आकडा वेगळा आहे. शेवटच्या तपासणीत आयजीएफ-१ नॉर्मल असलेल्यांमध्ये हे प्रमाण १.१, म्हणजे जवळपास शेजाऱ्यापाजाऱ्यांइतकंच. वाढलेला राहिला त्यांच्यात २.५. आजार एकच, गाठही तीच. ‘या रोगात माणूस लवकर जातो’ हे वाक्य त्यामुळे अर्धवट आहे. हार्मोन वर राहिलेला माणूस लवकर जातो. एक सावधगिरी मात्र ठेवा. हे सगळे अभ्यास मुख्यतः युरोपातले आणि न्यूझीलंडसारख्या देशांतले आहेत. तिथल्या सर्वसाधारण माणसाशी तुलना आहे, रावेरच्या नाही. आपल्याकडे शुगर आणि हृदयविकार तसेही लवकर गाठतात, त्यामुळे नानांच्या बाबतीत हार्मोनइतकंच या बाकीच्या गोष्टींनाही मी वजन देतो.

ॲक्रोमेगलीत माणूस मरतो तो गाठीने क्वचित. जुन्या नोंदींत पहिला नंबर हृदय आणि रक्तवाहिन्यांचा, म्हणजे जाड झालेलं हृदय, बीपी, पक्षाघात. मग श्वासाचे त्रास. फिनलंडमध्ये वीसेक वर्षं पाठपुरावा केलेल्या पेशंटांत एक गमतीची गोष्ट दिसली. पहिल्या दहा वर्षांत हृदयविकाराने जाणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं, पुढच्या दहात ते निम्म्यावर आलं आणि कर्करोग वर चढला. गमतीची म्हणतो कारण ही एका परीने चांगली बातमी आहे. लोक इतके जगायला लागले की सर्वसाधारण माणसाला म्हातारपणी जे होतं ते त्यांना व्हायला लागलं. तरी या आजारात मोठ्या आतड्यात मोड (आतल्या अस्तरावरच्या छोट्या गाठी, पॉलिप) यायची प्रवृत्ती जास्त असते, म्हणून निदानाच्या वेळी एकदा कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, करतात. नानांच्या फाईलमध्ये ती दिसली नाही. इकोही (हृदयाची सोनोग्राफी) ऑपरेशनच्या आधीचा आहे. दोन्ही विचारून घ्या.

झोपेबद्दल फाईलमध्ये एक ओळ नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. जीभ आणि घशातला मऊ भाग जाड झाल्याने झोपेत श्वास अडतो. उन्हाळ्यात तुमच्याकडे अजून धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, झोपत असतील तर शेजाऱ्यांना विचारा, नानांचं घोरणं किती घरं पलीकडे जातं. घोरता घोरता मध्येच सगळं शांत होतं का, आणि मग एकदम धाप लागल्यासारखा आवाज येतो का? तुमच्या आईला हे नक्की ठाऊक असणार. तिला कुणी विचारलेलं नसतं एवढंच. रात्रभर असा श्वास तुटत राहिला की बीपी गोळ्यांना दाद देत नाही, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दिवसा ट्रॅक्टरवर डुलकी लागते. एका रात्रीची झोपेची तपासणी करावी. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं) लिहून दिलं तर लोडशेडिंगचं कारण सांगून ते माळ्यावर टाकू नका. छोट्या इन्व्हर्टरवर चालतं. आयजीएफ-१ खाली आल्यावर काहींचं घोरणं कमी होतं, सगळ्यांचं नाही.

शुगर आणि बीपीचं थोडक्यात. ग्रोथ हार्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध काम करतं, त्यामुळे हार्मोन उतरलं की बहुधा शुगरही उतरते आणि गोळ्या कमी कराव्या लागतात. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी बघत राहा. तंबाखूचं मी विचारत नाही, उत्तर माहीत आहे. ती सोडवा.

आता त्या गोळीबद्दल, जिला घरात ‘स्टेरॉईड’ म्हणत असतील. इथे मी जरा लांबण लावतो, कारण मी स्वतः चुकलो आहे. गाठीमुळे किंवा ऑपरेशनमुळे उरलेल्या पिट्युटरीचं कॉर्टिसॉल (आजारपणाचा ताण झेलायला लागणारं हार्मोन) चालवणारं काम बंद पडलं तर शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. ही गोळी म्हणजे औषध नव्हे, भरपाई आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी चोपड्याकडचा एक पेशंट होता. मी डोस कागदावर नीट लिहिला, पण त्याच्या बायकोला समोर बसवून समजावलं नाही. मे महिन्यात त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. ‘पोटाला गरम पडतात’ म्हणून घरच्यांनी गोळ्या थांबवल्या. गावातल्या दवाखान्यात ऊन लागलंय म्हणून सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरचं चुकलं असं मी म्हणणार नाही, चव्वेचाळीस डिग्रीत कुणीही तेच म्हणेल. तीन बाटल्या गेल्या तरी बीपी वर येईना. रात्री बायकोचा फोन आला, ‘गोळी बंद केल्यापास्नं असे पडून आहेत.’ शंभर मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यायला सांगितलं. तासा-दीड तासात तो उठून पाणी मागायला लागला. तेव्हापासून मी कार्ड दिल्याशिवाय आणि घरातल्या एका बाईकडून सगळं तोंडी म्हणवून घेतल्याशिवाय कुणाला सोडत नाही.

तुम्हीही कार्ड करून घ्या. ताप आला तर डोस दुप्पट-तिप्पट, दोन-तीन दिवस. उलटीने गोळी बाहेर पडत असेल तर वाट न पाहता इंजेक्शन. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. गोळी कुणाच्याही सल्ल्याने अचानक बंद करायची नाही. दुसरं टोकही आहे. ‘अंगात ताकद येते’ म्हणून काहीजण हौसेने जास्त खातात. ॲक्रोमेगलीच्याच पेशंटांमध्ये रोज २५ मिलिग्रॅमच्या वर हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त आढळले आहेत. नानांचा १५ मिलिग्रॅमचा डोस बरोबर वाटतो. (सातपुड्याकडच्या ज्या बायांची पिट्युटरी बाळंतपणातल्या रक्तस्रावाने सुकते, त्यांनाही हे कार्ड असंच लागू आहे. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं.)

इंजेक्शनकडे येतो. तिसरं का राहिलं ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. केळीचा भाव उतरला की माझ्या तीन-चार पेशंटांची इंजेक्शनं एकाच महिन्यात हुकतात. पैशाचा विषय डॉक्टरसमोर काढायला लाजू नका. नानांसारख्यांना पर्याय असतात. आयजीएफ-१ मर्यादेच्या थोडाच वर असेल तर कॅबरगोलिनच्या स्वस्त गोळ्या आठवड्यातून दोनदा घेऊन काहींचं भागतं. नानांचा दीडपटीच्या वर आहे, त्यामुळे एकट्या गोळीवर मी विसंबणार नाही, पण इंजेक्शनला जोड म्हणून विचार होऊ शकतो. महात्मा फुले योजनेत काय बसतं आणि काय नाही हे आरोग्यमित्राला भेटून लेखी विचारा. कंपन्यांचे पेशंटसाठी सवलतीचे कार्यक्रम असतात, त्याची चौकशी मुंबईच्या ओपीडीतच होते.

खान्देशात या इंजेक्शनाचा खरा शत्रू उन्हाळा. ऑक्ट्रिओटाइडचं महिन्याचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं. दुकानातून घरी आणताना बर्फाच्या थर्मासमध्ये, पण बर्फाला थेट टेकून नाही. गोठलं तरी वाया जातं. फ्रीजरमध्ये तर नकोच, खालच्या कप्प्यात. टोचायच्या आधी अर्धा-एक तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. मग पावडरमध्ये द्रव घालून नीट कालवलं की लगेच कुल्ल्याच्या स्नायूत खोल द्यायचं. कालवून ठेवून सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या तर ते बसतं, सुई तुंबते आणि महिन्याचा डोस सिरिंजमध्येच राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नेहमी एकाच सिस्टरकडून घ्या आणि पहिल्यांदा तिला खोक्यातला कागद वाचायला लावा. सुरुवातीला पोट ढिलं होतं, पुढे पित्ताशयात खडे होऊ शकतात. वर्षाकाठी एक सोनोग्राफी पुरे.

इंजेक्शन परवडतच नसेल किंवा पूर्ण डोस देऊनही आयजीएफ-१ उतरला नाही, तर दोन वाटा राहतात. एक म्हणजे पुन्हा ऑपरेशन. रक्तवाहिनीलगतचा तुकडा पुरता निघणं अवघड, पण गाठ जितकी लहान तितकं औषध जास्त चालतं. ज्या सर्जनने अशी ऑपरेशनं पुष्कळ केली आहेत त्याच्याकडेच जावं, मग रात्रीच्या गाडीने मुंबई का गाठावी लागेना. दुसरी वाट रेडिएशनची, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणं’ म्हणतात ती. तिचा परिणाम पुरता दिसायला वर्षं लागतात, तोवर औषध चालूच ठेवावं लागतं. पुढे पिट्युटरीची बाकीची कामंही मंदावू शकतात. जुन्या पद्धतीच्या रेडिएशननंतर पक्षाघाताने मृत्यू जास्त झाल्याच्या नोंदी आहेत. आताचे किरण नेमके गाठीवर पडतात, मेंदूला कमी लागतात. शहरातले काही सहकारी याला शेवटचा उपाय मानतात. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्या घरात इंजेक्शन पिकाच्या भावावर हुकतं, तिथे मी ही चर्चा दुसऱ्या वर्षीच काढतो. दहा वर्षं अर्धवट घेतलेलं इंजेक्शन म्हणजे दहा वर्षं वर राहिलेला आयजीएफ-१. नानांवर आज ही वेळ आलेली नाही. आधी सहा महिने एकही इंजेक्शन न चुकवता बघू.

तपासणीचं एकच पण महत्त्वाचं. आयजीएफ-१ दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असतात, मग ‘२८० चे ३४० झाले’ म्हणून घरात सुतक पाळलं जातं. वयानुसार मर्यादा छापलेला रिपोर्टच धरायचा. आणि शुगर फार वाढलेली असताना किंवा यकृत बिघडलेलं असताना आयजीएफ-१ खोटाच कमी दिसतो, तेव्हा खूश होऊ नका. एमआरआय वर्षाने, आणि नजरेच्या कडेचं दिसतं का ही डोळ्यांची तपासणी त्यासोबत.

बहिणीचं लग्न तिला स्थळ पसंत पडेल तेव्हा करा, तुळशीशी त्याचा संबंध नाही. राहिलेलं इंजेक्शन मात्र याच आठवड्यात द्या, थर्मास घेऊन जा. तिथून सलग तीन महिने झाले की पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी सकाळी, सुई टोचण्याआधी, नानांचं रक्त आधीच्याच लॅबला द्या आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा. आईला घोरण्याचं आजच विचारा.